भावोजींचा दर्या

म्हसळ्यात कुणी ‘मी मासे पाळलेत’ असं म्हणालं, की समोरच्याचा पहिला प्रश्न असतो, ‘केवढे झाले?’ आणि दुसरा, ‘काढणार कधी?’ यात क्रौर्य शोधू नये. रायगड जिल्ह्यात मासे पाळायची चाल जुनीच आहे. पेण-अलिबागकडे खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताड्याची पिल्लं सोडतात, बारीकसारीक मासळी घालून त्यांना पोसतात, आणि अंगाने भरलेला जिताडा मग एक तर व्याह्यांकडे जातो, नाही तर ज्या साहेबांच्या टेबलावर आपला कागद अडून बसलाय त्यांच्या घरी जातो. या मार्गाने किती कागद सुटले, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. पाळलेल्या माशाला निदान एवढं तरी करता यावं, अशी इकडची माफक अपेक्षा असते.

माझ्या भावोजींच्या माशांना यातलं काहीही करता येत नाही. ते बोटभर लांब आहेत, नारिंगी आहेत, अंगावर पांढरे पट्टे आहेत, आणि ते हॉलमध्ये टीव्हीच्या जागी राहतात. टीव्ही आतल्या खोलीत गेला. त्या दिवशी ताई काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

भावोजींची उभी हयात मालवाहू बोटींवर गेली. बोटीवर असताना फोन आला की ‘सगळीकडे नुसतं पाणी’ एवढीच तक्रार असायची. निवृत्त झाले, म्हसळ्यात घर बांधलं, चारी बाजूंनी डोंगर दिसायला लागले, आणि वर्षभरात त्यांना पाण्याची आठवण छळू लागली. मग दोनशे लिटरची काचेची टाकी आली. नुसत्या पाण्याचंच वजन दोनशे किलो, वर काच, दगड आणि लोखंडी स्टँड. गवंड्याने ती बघून म्हटलं होतं, ‘साहेब, हे आधी सांगितलं असतं तर पाया तसा घेतला असता.’

खरं तर समुद्र काही लांब नाही. जंजिऱ्यापाशी राजपुरीची खाडी आत शिरते आणि तिचा एक फाटा दमत दमत म्हसळ्याला येऊन संपतो. तेव्हा गावातल्या प्रत्येक शहाण्याने भावोजींना तोच सल्ला दिला: खाडीवर जा, चार कॅन भरून आण, ओत. एवढ्या सोप्या गोष्टीला मुंबईहून बादलीभर मीठ कशाला मागवायचं?

कारण म्हसळ्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर डोंगरावरून येणारा प्रत्येक ओहोळ खाडीतच उतरतो आणि तिचा खारटपणा पार उतरवून टाकतो. खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडीच्या टोकाला काय उरतं, ते खाडीलाच ठाऊक. तिथल्या बोयीला आणि निवटीला त्याची सवय आहे. खारं-गोडं दोन्ही चालवून घेणारे जीव ते. भावोजींचे मासे प्रवाळाच्या खडकांतले. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच चवीच्या पाण्यात गेल्या आहेत, आणि चव जरा बदलली की ते जेवण सोडतात, नंतर जीव सोडतात.

दुसरा सल्ला आईचा होता. आई म्हणजे भावोजींची आई. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. त्या म्हणाल्या, ‘मीठ घरात आहे की!’ यावर भावोजींनी जे व्याख्यान दिलं ते मी अनेकदा ऐकलं आहे, आणि ते खरं आहे. मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा त्यातला चुना आणि जिप्सम आधीच खाली बसतात, मग आपलं खायचं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जातात. म्हणजे समुद्राचं मीठ होतं, पण मिठाचा पुन्हा समुद्र होत नाही. ज्या जिल्ह्यात पेण-उरणला मिठागरं आहेत, त्या जिल्ह्यात हा माणूस कुर्ल्याच्या दुकानातून मीठ आणतो आणि एसटीने घोणसे घाट उतरवून घरी नेतो. कंडक्टरने एकदा विचारलं, ‘बादलीत काय?’ भावोजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘समुद्र.’ तिकीट एकाचंच लागलं.

पाणी तयार झालं, दगड रचले, पंप सुरू झाले, दिवे लागले आणि अख्खी आळी बघायला आली. टाकीत मासा नव्हता. दुसऱ्या आठवड्यात लोक पुन्हा आले. तरीही मासा नव्हता. भावोजी रोज एका छोट्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात थेंब टाकत, रंग बघत आणि मान हलवत. ‘अजून नाही.’ याला शास्त्राचा आधार आहे. माशाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करायला चार-सहा आठवडे घेतात. तोवर टाकी रिकामी चालवायची. पण म्हसळ्यात हे कुणाला सांगणार? आळीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, मासे पारदर्शक आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, मासे मेले आणि हे सांगत नाहीत. एका काकूंनी तर कोपऱ्यात एक हलताना पाहिलाही.

शेवटी मासे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून, थर्माकोलच्या खोक्यात, ताईच्या मांडीवर बसून. सोबत दोन शंख आणि एक शंखातला खेकडा. ते शेवाळ खातात, पडलेलं वेचतात. मालवणकडच्या प्रवाळाचा एक जिवंत तुकडाही ‘गुपचूप’ आणून द्यायची एका गृहस्थांची तयारी होती. भावोजींनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. 1972 च्या ज्या वन्यजीव कायद्यात वाघ आहे, त्याच कायद्यात प्रवाळ आणि समुद्रघोडेही आहेत, हे बोटीवरच्या माणसाला माहीत होतं. तेव्हा टाकीतले दगड निर्जीव आहेत. सजीव आहे ती त्यावरची अदृश्य वस्ती, आणि भावोजी खरं तर तीच पाळतात. मासे हे तिचे दर्शनी भाडोत्री.

इथून पुढे खरं दुखणं सुरू होतं. आपल्या घरांची दोन मोठी व्रतं आहेत: आलेल्याला पोट फुटेस्तोवर वाढायचं आणि घर लख्ख ठेवायचं. काचेच्या टाकीतला मासा मरतो तो या दोन्हींमुळे. त्याला वाढणारा हात आखडता लागतो आणि पुसणारा हात जरासा आळशी. कोकणी घरात ही दोन्ही माणसं मिळणं कठीण.

आधी वाढण्याचं बघू. दिवसातून एकदा-दोनदा, तेही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, हा नियम. उरलं की तळाशी जातं, कुजतं, अमोनिया वाढतो. मासा मात्र काचेला नाक लावून चोवीस तास मागत असतो. समुद्रात तो दिवसभर टिपत हिंडतो, समोर आलं ते खायचं एवढंच त्याला कळतं, त्यामुळे ‘पुरे’ हा शब्द त्याच्याकडे नाही. तो माणूसही ओळखतो, म्हणजे निदान वाढणारा हात तरी ओळखतो. भावोजी समोर गेले की दोन्ही मासे वर येऊन अंग घुसळतात. हे दृश्य पाहून आईंच्या डोळ्यांत पाणी येतं. ‘बघ कसे करतात. पोटाला काही मिळत नाही लेकरांना.’ आईंच्या हातचं जेवून उठणाऱ्याला आजवर कुणी हसतमुख पाहिलेलं नाही. माणूस बसून राहतो तो जागा सोडवत नाही म्हणून नव्हे, उठवत नाही म्हणून. अशा बाईसमोर चिमूटभर खाणं मोजून घालणारा मुलगा म्हणजे कुळाला लागलेला डाग.

त्यात ते खाणं तरी कसं? आर्टिमिया नावाची बारीक कोळंबीची जात गोठवून मिळते, ती चांगली. ती संपली की भावोजी बाजारातून ताजी कोळंबी आणतात, नाही तर माकुळ, आणि सुरीने इतकं बारीक कापतात की ताईने लग्नानंतर त्यांना एवढ्या निगुतीने काही कापताना पाहिलं नव्हतं. ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. वाढायच्या आधी एकेक खडा वितळवून त्याचं पाणी फेकून द्यायचं, कारण त्या पाण्यातल्या फॉस्फेटवर शेवाळ पोसतं. पद्धत निर्दोष आहे. फक्त फ्रीज एकच आहे. मे महिन्यात आलेल्या एका शाकाहारी पाहुण्यांना कोकम सरबतात जो बर्फ गेला, त्याबद्दल दोन्ही घरांत अजून बोलणं होत नाही.

मासळीवाल्या मावशींचं मत वेगळंच. टोपली दारात टेकवून त्यांनी टाकी नीट न्याहाळली, कोळंबीचे पैसे घेतले आणि म्हणाल्या, ‘म्हावऱ्याला म्हावरं घालतोस, वर मीठपण घालतोस. आता उन्हात वाळव, सुकट तरी होईल.’ मावशींचं चुकलं नाही. मुंबईला गेलेलं प्रत्येक कोकणी कुटुंब एकदा तरी चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचं. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. आता ते बंद आहे. तिथे प्रत्येक काचेखाली माशाचं नाव आणि माहिती लिहिलेली असे, आणि काचेबाहेर आमची मंडळी ती माहिती पूर्ण करत: हा तळायला, हा तिखल्याला, याला काटे फार.

एका बाबतीत मात्र आईंचं आणि शास्त्राचं जमलं. हे नारिंगी मासे सगळे नर म्हणूनच जगायला लागतात. मग जोडीतला मोठा असतो तो मादी होतो, आणि ती गेली की खालचा नर मादी होतो. भावोजींनी हे फार मोठं आश्चर्य म्हणून सांगितलं. जिताडाही असाच, लहानपणी नर आणि मोठेपणी मादी, हेही सांगितलं. आई वाती वळत होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे घरात जी मोठी तिचंच चालतं. यात नवीन काय?’

आता पुसण्याचं. नव्या टाकीत आधी तपकिरी थर येतो, मग हिरवा. हा एक टप्पा असतो, धीर धरला की ओसरतो. काचेच्या दोन्ही अंगांना लोहचुंबक लावून आतलं शेवाळ खरवडायचं, दर आठवड्याला पाण्याचा दहावा हिस्सा काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायचं, आणि बाकी हात लावायचा नाही. ताईला हे ‘हात लावायचा नाही’ प्रकरण झेपत नाही. पहिल्या दिवाळीत तिने जिन्याखालची अडगळ, माळा, कौलांखालची जळमटं सगळं काढलं आणि बादली-साबण घेऊन ती टाकीपाशी आली. दगड बाहेर काढायचे, घासायचे, नळाखाली धुवायचे. भावोजी आडवे पडले, अक्षरशः. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीच्या काळापासून टीसीएल पावडर पडते. तिचं काम जिवाणू मारायचं, आणि ते काम ती चोख करते. धुतलेला दगड देखणा दिसेल, पण त्यावरची वस्ती गेली म्हणजे अमोनिया मोकळा, आणि मग भाऊबीजेला ओवाळायला मासे उरायचे नाहीत. ताईने बादली ठेवली, पण पाहुण्यांसमोर ती अजून म्हणते, ‘तेवढं सोडून बघा, बाकी घर माझ्याकडे आहे.’

टाकीच्या मागे एक नळकांडं आहे, त्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यातला मळ बुडबुड्यांना चिकटून वर चढतो आणि वरच्या पेल्यात फेस होऊन साचतो. पावसाळ्यात दिवेआगरच्या किनाऱ्यावर जो पिवळट फेस येतो, त्याचंच हे घरगुती रूप. पेल्यातला तो तपकिरी द्रव इतका घाण मारतो की भावोजी तो तोंड फिरवून माडाच्या मुळाशी ओततात. माडाला खारं चालतं. त्या माडाचे नारळ यंदा जरा जास्त धरले, म्हणून शेजारच्यांनीही ‘तुमचं ते औषध’ मागितलं आहे.

पाणी आटतं ही आणखी एक कटकट. आटतं तेव्हा पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, म्हणून घट भरायची ती गोड्या पाण्याने. खाऱ्या टाकीत गोडं पाणी ओतताना बघून आईंना वाटलं मुलगा आता पुरता गेला. शिवाय ते गोडं पाणी फिल्टरचं, आणि एक हंडा शुद्ध पाणी मिळवायला तो फिल्टर त्याहून अधिक पाणी बाजूला टाकतो. एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात तेव्हा ताई या विषयावर बोलत नाही. नुसती बघते.

भावोजींना वाटतं आपण या गावी एकटे पडलो. मी त्यांची समजूत घालतो की त्यांचे भाऊबंद जुने आहेत. इथून जवळच्या मांदाडला काही अभ्यासक दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या पुस्तकातलं मंदगोरा बंदर समजतात. तिथून माल जायचा तो रोमन बाजारपेठेकडे, आणि तिथल्या श्रीमंतांना नेमकं हेच वेड होतं: बंगल्याशेजारी खाऱ्या पाण्याची तळी. लुकुलस नावाच्या सरदाराने नेपल्सजवळ डोंगर फोडून समुद्र आत घेतला, तळ्यांत भरती-ओहोटी खेळावी म्हणून. आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलण्यापुढे हे केवढं मोठं काम! क्रॅसस नावाच्या एका वक्त्याने तर पाळलेला वामसदृश मासा मेला म्हणून सुतक पाळलं. विरोधकाने चारचौघांत टोमणा मारला, तेव्हा तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात, की तू तीन बायका पुरल्यास आणि एकीसाठीही रडला नाहीस. ही गोष्ट भावोजींना फार आवडली. ती त्यांनी ताईला शेवटपर्यंत सांगायला नको होती.

मात्र 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत घुसलं, तेव्हा सगळं घर त्या टाकीभोवती जमलं. कौलं उडाली, माड-सुपाऱ्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि कित्येक दिवस वीज आली नाही. पंप बंद म्हणजे पाणी हलत नाही, पाणी हललं नाही की प्राणवायू मिसळत नाही. इन्व्हर्टरने काही तासांत मान टाकली. मग तांब्या आला. टाकीतलंच पाणी तांब्यात घ्यायचं आणि उंचावरून धार धरून परत सोडायचं. पाळ्या लागल्या. आई पाटावर बसल्या आणि धारेबरोबर स्तोत्र सुरू झालं. बाहेर ताडपत्री फडफडत होती आणि आत नारिंगी माशांवर रुद्राभिषेक चालला होता. छपरावर पत्रे ठोकायला आलेला सुतार ते बघून चप्पल काढून आत आला आणि हात जोडून उभा राहिला. मासे जगले. सुताराने त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर टाकीला घरात थोडी प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठेबरोबर नवं संकट आलं. नारळी पौर्णिमेला आईंनी हळद-कुंकू, अक्षता आणि फूल घेऊन घरच्या दर्याची पूजा करायचं ठरवलं. पाण्यात कुंकू पडलं असतं तर जिवाणूंची सगळी आळी गारद. पुष्कळ चर्चेनंतर तडजोड झाली: हळद-कुंकू स्टँडच्या लोखंडी पायाला, नारळ अंगणात, आणि नारळीभात माणसांना.

गेल्या वर्षी मुंबईला भाच्याचं लग्न निघालं आणि मासे कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न आला. उत्तर सोपं आहे: कुणाकडेही नाही. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस न खाता आरामात राहतात, उलट टाकी स्वच्छ होते. गुडघेदुखीमुळे आई घरीच राहणार होत्या. भावोजींनी त्यांना हे तीन वेळा समजावलं. आई म्हणाल्या, ‘माझ्या घरात उपाशी?’ भावोजींनी मग खाण्याचे डबे कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि बर्फाचा ट्रेसुद्धा शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवला.

परतल्यावर त्यांनी आधी टाकी पाहिली, मग बॅगा उतरवल्या. मासे टवटवीत. पाणी किंचित दुधाळ. नळीत थेंब टाकले, तर नायट्रेट चढलेलं. आईंनी शांतपणे सांगितलं की त्यांनी टाकीला बोटही लावलं नाही. भावोजी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसले आणि मागच्या दगडाच्या खाचेतून चिमट्याने त्यांनी काहीतरी बाहेर काढलं. भाताचं एक शीत.

‘आई, शितावरून भाताची परीक्षा होते,’ भावोजी म्हणाले.

आई टाकीसमोरून देवघराकडे निघाल्या होत्या. त्यांच्या हिरव्या लुगड्याचा पदर दिसताच दोन्ही मासे भावोजींकडे पाठ करून धावत पुढच्या काचेला आले आणि अंग घुसळायला लागले.

‘बरी होते,’ आई म्हणाल्या. ‘तांदूळ जुना आहे. मऊ शिजवला होता.’